गोष्टीत टाकलेला रविवार

माझ्या मोठेबाबांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाला, अख्खा भंडारा देवमाणूस म्हणायचा. कोणाचं लग्न अडलं, कोणाचं भांडण कोर्टात जायला निघालं, कोणाच्या म्हाताऱ्याला नागपूरला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक आधी मोठेबाबांकडे येत. त्यांचं साड्यांचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा नाव मोठं होतं. ते वारले तेव्हा आमची गल्ली माणसांनी भरून गेली. जो तो येऊन मला सांगत होता, पोरी, असा माणूस पुन्हा होणे नाही. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, न होवो. आज त्यालाही बरीच वर्षं झाली, माझेही केस पिकायला लागले, राग मात्र जिथल्या तिथे आहे. वयाबरोबर माणूस माफ करायला शिकतो म्हणतात. शिकत असेल. मला ते जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फारसा प्रयत्नही केला नाही.

आमचं घर विणकरांच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा मागावर बसलेले. त्यांचा माग सकाळच्या चहाआधी सुरू व्हायचा तो दिवे लागेपर्यंत चालायचा. धोटा इकडून तिकडे गेला की एक आवाज, फणी आपटली की दुसरा, आणि या दोन आवाजांच्या मधल्या फटीत आम्ही सगळे बोलायचो. पाहुण्यांना वाटायचं आम्ही भांडतो आहोत. आई मागच्या पडवीत रहाटावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची, थोरली वंदनाताई लोकांचे ब्लाऊज शिवायची, मी शाळेत जायची. सकाळी गल्लीभर उभ्या सुताचा ताणा पसरून त्याला भाताची खळ लावायचे, तिचा आंबूस वास आमच्या कपड्यांना, वह्यांना, सगळ्याला यायचा. थंडीत आई लाखोरीच्या डाळीचे वडे तळायची आणि ते रश्शात पडायच्या आधीच निम्मे संपायचे. बाबा विणायचे, मोठेबाबा विकायचे. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिकडचं गिऱ्हाईक तुटेल म्हणून मोठेबाबा असे कुरकुरले, जणू सरकारने खास त्यांच्यावर खार खाऊन ते केलं. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. निर्णय तिकडे व्हायचे, आमच्याकडे ते फक्त ऐकू यायचे.

सगळ्यात धाकटी बबली. ती पांढरा भात आणि दही एवढंच खायची. भाताला हळदीचा डाग दिसला तरी ताट सरकवायची. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून भिंतीला डोकं लावायची, पण मागाचा आवाज मात्र तिला प्रिय होता. त्याच्याजवळ बसून ती तासन्‌तास डोलायची. धागा तुटून माग थांबला की कुठूनही येऊन बाबांच्या समोर उभी राहायची आणि माग सुरू झाला की निघून जायची. बोलायची, पण दुसऱ्याचं वाक्य. काल दूधवाला जे बोलला ते आज, त्याच आवाजात. गल्लीत तिला येडी म्हणायचे, कोणी बाहेरचं लागलं म्हणायचे, शाळेतल्या बाईंनी आठवड्यातच घरी आणून सोडलं. ऑटिझम हा शब्द आम्हाला फार उशिरा, नागपूरच्या डॉक्टरांकडून मिळाला. शब्द मिळाल्याने काही बदललं नाही, फक्त येडी म्हणणाऱ्यांशी भांडताना मला एक जड शब्द हाताशी आला.

तिच्यासाठी बोललेलं म्हणजे होणारं, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. आपल्यात घरातून निघताना कोणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. बाबा विणलेली साडी दुकानात द्यायला जाताना येतो म्हणायचे आणि बबली उंबऱ्यावर बसून राहायची, कारण बाबा येतो म्हणाले होते आणि येत तर नव्हते. मी तिच्यापुरतं म्हणायला लागले, जाते, शाळा सुटली का येते. आईला ते अशुभ वाटायचं. 'जीभ कशी जळत नाही तुही,' म्हणायची. पण बबली उंबऱ्यावरून उठायची, हे आईलाही दिसत होतं.

पहिली गोष्ट लोडशेडिंगची. त्या काळी आमच्याकडे लाईट जायची ती जायचीच. पंखा थांबला, बल्ब विझला की बबली जणू कोणी तिला विहिरीत टाकलं अशी ओरडायची. एका दुपारी, लाईट असताना, मी तिच्याजवळ बसून सहज म्हटलं, 'बबलीच्या घरची लाईट जाते. पंखा थांबते. बबलीले गरम होते. आई पंख्यानं हवा घालते. बाबा मागावरून उठत नाही, अंधारात बी बसून रायते. मंग लाईट येते.' तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण थोड्या वेळाने तेच सगळं माझ्या आवाजात म्हणून दाखवलं. त्या संध्याकाळी लाईट गेली तेव्हा ती आईजवळ जाऊन बसली आणि गोष्ट म्हणत राहिली. ओरडली नाही. आई हातातला पंखा हलवायचा विसरून माझ्याकडे पाहत राहिली. मग मी गोष्टींच्या मागेच लागले. केस कापायला जायची गोष्ट, दाढेला औषध लावायची गोष्ट, एस.टी.त बसायची गोष्ट. प्रत्येकीत बबली स्वतः असायची, तिचंच घर, तिचीच माणसं, आणि जे होणार असेल तेच, त्याच क्रमाने.

एकदा चूक झाली. बाजाराच्या गोष्टीत मी टाकलं की बबलीला बुंदी मिळते. त्या दिवशी हलवाई गावाला गेला होता, दुकान बंद. बबली भर रस्त्यात आडवी पडली आणि सायकलवाले घंटी वाजवत बाजूने जात राहिले. तेव्हापासून मी स्वतःला एक नियम घातला: जे माझ्या हातात नाही ते 'कधी कधी' म्हणून सांगायचं. कधी कधी बुंदी मिळते, कधी कधी दुकान बंद रायते. जे नक्की आहे तेच नक्की म्हणून सांगायचं. बबलीला 'कधी कधी' चालायचं, त्याचा तिला काही त्रास नव्हता. तिला त्रास फसवणुकीचा होता.

मध्यंतरी नागपूरला एका शिबिरात एक तरुण बाई पडद्यावर चित्रं दाखवून हेच समजावत होत्या. मुलाच्या नावाने गोष्ट करा, तिच्यात त्याचा फोटो लावा, नवीन जागी नेण्याआधी वाचून दाखवा, आणि जे घडणार नाही त्याचं वचन देऊ नका. चांगलं सांगत होत्या, मनापासून सांगत होत्या. आयाबाया माना डोलावत होत्या. एकीने विचारलं, आणि घरच्यांनीच शब्द मोडला तर? बाईंनी हसून म्हटलं, म्हणून सगळ्या कुटुंबाला विश्वासात घ्या. मी उठले आणि बाहेर जाऊन चहा प्यायले. परत आत गेले नाही. कुटुंबाला विश्वासात घ्या म्हणे.

ताईचं वय चोविसाच्या पुढे गेलं होतं. दोन स्थळं येऊन गेली होती. एकाने कारण सांगितलं नाही, दुसऱ्याने मध्यस्थाकरवी सांगितलं की धाकटी तशी आहे, उद्या आमच्या वंशात आलं तर. मग शहापूरचं स्थळ आलं. मुलगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत कायम नोकरीला, राहायला क्वार्टर, फॅक्टरीची बस दारात. मोठेबाबांनी आणलेलं स्थळ. ताई शिलाई मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणायला लागली, इतकी वर्षं आम्ही तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. त्या गुणगुणण्यामुळे ताईवर मला आजही धड रागावता येत नाही.

एके संध्याकाळी मोठेबाबा स्वतः आमच्याकडे आले. ते आले की आई डोक्यावर पदर घेऊन आतल्या दारामागे जायची. आमच्यात भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, धाकटी सून येत नाही, बोलत तर नाहीच. लग्न होऊन आल्यापासून आई त्यांच्याशी दाराआडून दुसऱ्याच्या तोंडून बोलली तेवढंच. मोठेबाबा खाटेवर बसले आणि मला जवळ बोलावलं.

'नंदे, तू बबलीले गोष्टी सांगते म्हणे.'

'हो.'

'भल्लं चांगलं काम करून राहिली तू. एवढे मोठे झालो आम्ही, आमाले नाही सुचलं.'

माझं असं कौतुक तोवर कोणी केलं नव्हतं. बाबांनी नाही, शाळेने नाही. मी फुलून गेले. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण मासा गळाला लागतो तो उगाच लागत नाही, गळाला त्याच्या आवडीचं काहीतरी लावलेलं असतं.

'रविवारी पाहुणे येऊन राहिले,' ते म्हणाले. 'घरभर माणसं होतीन, हसणं-बोलणं होईन. त्या लेकराले किती तरास. मी माह्यासाठी नाही म्हणून राहिलो, तिच्यासाठी म्हणून राहिलो. शुक्रवारी तिले कोंढ्याले मामाकडं ठेवून या. रविवारी पाहुणे गेले का संध्याकाळच्या गाडीनं तू जा अन् घेऊन ये तिले.'

'रविवारी म्हणजे रविवारीच ना, मोठेबाबा? मले गोष्टीत टाकावं लागते. एकदा टाकलं का मंग बदलता नाही येत.'

'टाक ना. मी सांगून राहिलो ना तुले.'

म्हणून मी टाकलं. बबली एस.टी.त बसते. कोंढ्याले मामाचं घर हाये. मामाच्या घरी गाय हाये, गाय कधी कधी हंबरते. मामी दहीभात देते, दही कधी कधी आंबट रायते. आई अन् नंदा घरी जातेत. बबली मामाकडं झोपते. मामा बाजाराले जाते, वापस येते. पुन्हा झोपून उठलं का रविवार. रविवारी संध्याकाळी नंदा येते. मंग बबली घरी येते. त्या गोष्टीत शेवटच्या दोन वाक्यांना मी 'कधी कधी' लावलं नाही. लावायचं काही कारणच नव्हतं. देवमाणसाने शब्द दिला होता.

शुक्रवारी आम्ही तिला घेऊन पवनीच्या गाडीने कोंढ्याला गेलो. दिवाळी होऊन गेली होती, धान कापून झाला होता, शेताशेतात पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवलेले. मामाच्या घरामागे बोडी होती, आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात, आणि ती पावसाळ्याच्या पाण्याने अजून काठोकाठ होती. बबलीने गाय पाहिली, हंबरणं ऐकलं, कान दाबले आणि म्हणाली, 'गाय कधी कधी हंबरते.' मामी हसून हसून बेजार. मामाला मूल नव्हतं, त्याचा जीव होता बबलीवर. निघताना मी म्हटलं, 'जाते बबली. रविवारी संध्याकाळी येते.' तिने मान वळवली नाही, पण म्हणाली, 'रविवारी संध्याकाळी नंदा येते.' आई गाडीत बसल्यावर म्हणाली, 'तुह्या गोष्टीमुळं जमलं व माय.' मी खिडकीशी बसून सगळ्या रस्ताभर खुशीत होते.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील, काका, आणखी कोणी कोणी. ताई निळी साडी नेसून पाटावर बसली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, काय काय रांधता येतं ते विचारलं. मी तर्रीपोह्यांचं ताट घेऊन आत आले तेव्हा मुलाचे वडील बाबांना विचारत होते, 'पोरी किती म्हणा तुमाले?'

बाबा बोटाला चिकटलेला धागा सोडवत होते. उत्तर मोठेबाबांनी दिलं. 'दोघी. हे वंदना, अन् हे आपली नंदा.'

बाबा धागा सोडवत राहिले. आतल्या दाराचा पडदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. मी ताट असं आपटलं की रश्श्याची तर्री सतरंजीवर सांडली. मोठेबाबा हसत म्हणाले, 'पोट्टी लाजली.' सगळे हसले. तोंड उघडलं असतं तर तिथेच महाभारत झालं असतं आणि माझी गाडी हुकली असती. मला त्या घटकेला दुसरं काही नको होतं, पाहुणे उठायला हवे होते. पण पाहुणे उठेनात. मुलगी पसंत पडली. नारळ दिला, ताईच्या ओटीत साखर पडली, पुढच्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, करायचं ठरलं, लग्न मार्गशीर्षात. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा कुठे ते गेले. मी चपला घातल्या.

'कुठं निघाली?' मोठेबाबांनी विचारलं.

'कोंढ्याले.'

'बस खाली. आता लग्न होऊ दे. तवरोक राहू दे तिले तिकडंच. मी फोन करून देल्ला तिथल्या दुकानात, मामाले निरोप सांगा म्हणून. उद्या येते म्हणाव तिले.'

'अन् उद्या?'

'उद्या पुन्हा उद्या म्हणतीन. लेकरू हाये, इसरते.'

'मोठेबाबा, मी गोष्टीत टाकलं हाये. तुमाले इचारून टाकलं.'

ते हसले. खरोखर हसले, प्रेमाने. 'अवं, गोष्टच ना ते. दुसरी सांग.'

पुढे मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला बोलू नये असं जे जे आहे ते बोलले. म्हटलं, तुम्ही खोटे आहात. म्हटलं, जिवंत लेकराला तुम्ही पाहुण्यांसमोर मारून टाकलं. मोठेबाबांचा आवाज चढला नाही, त्यांचा कधीच चढत नसे. 'झाकली मूठ सव्वा लाखाची असते, नंदे,' एवढंच म्हणाले. बाबा म्हणाले, 'मोठेबाबासंग असं नाही बोलत.' त्या अख्ख्या दिवसात माझ्या वडिलांनी उच्चारलेलं हे एकच वाक्य. ताई आतून रडत ओरडली, 'माह्या लग्नाचं वाटोळं करशीन तू.' आणि मग पडदा सरकला आणि आई बाहेर आली. डोक्यावर पदर नव्हता. पाहुण्यांसाठी नेसलेली साडी, हाताला पीठ. मोठेबाबांच्या समोरून, त्यांच्या आणि खाटेच्या मधल्या हातभर जागेतून ती चालत गेली, आणि दारात माझा हात धरून म्हणाली, 'चाल.'

'पवनीची गाडी निघून गेली असन,' मी म्हटलं.

'त काळीपिवळीनं जाऊ.'

मागे मोठेबाबा उभे राहिले होते. भासऱ्यासमोरून बिनपदराची सून गेलेली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ते बाबांना म्हणाले, 'पाहून राहिला ना?' बाबा पाहत होते.

काळीपिवळी जीप भरल्याशिवाय निघत नाही. आम्ही आत दाटीवाटीने बसून वाट पाहत होतो आणि ड्रायव्हर अजून दोघं, अजून दोघं म्हणत फाट्याकडे ओरडत होता. आई हाताला लागलेलं पीठ नखाने काढत बसली. कोंढ्याला उतरलो तेव्हा दिवे लागून गेले होते. गोष्टीतली संध्याकाळ संपली होती.

मामाच्या अंगणात गोठ्याच्या खांबाला बबली बांधलेली होती. मामीच्या जुन्या लुगड्याने, कमरेभोवती वेढे देऊन. केस ओले, फ्रॉक ओला, वर मामाचं घोंगडं. मनगटावर तिच्याच दातांच्या खुणा, काही ठिकाणी रक्त आलेलं. मामी आम्हाला पाहून रडायलाच लागली.

'सकायपासून फाट्यावर जाऊन बसली होती बाई. उठून नाही राहिली, खाऊन नाही राहिली. मंग दुकानातून निरोप आला, तुह्या मामानं सांगतलं तिले का नंदा उद्या येते. तसंच तिनं डोस्कं आपटलं अन् जे पयाली ते बोडीत. गळ्याइतक्या पाण्यातून काढली. पुन्हा पयाली. काय करू मी? सोडली असती त मेली असती पोट्टी.'

मामा ओसरीवर डोकं धरून बसला होता. 'मले काय माहीत बाई,' तो म्हणाला. 'आमी त सगळ्याच लेकराले उद्या म्हणतो.'

म्हणतातच. खरं आहे. आमच्याकडे रडणाऱ्या प्रत्येक लेकराला उद्या देतात. उद्या मंडईत नेतो, उद्या जिलेबी आणतो, उद्या तुझा बाप येतो. लेकरंही ते ओळखून असतात आणि रडणं आटोपतं घेतात. मामाने प्रेमानेच उद्या म्हटलं. त्याच्यावर मी कधीच रागावले नाही, मामीवर तर नाहीच. आणि स्वतःवरही नाही, हेही सांगून टाकते. कितीजणांनी पुढे मला समजावलं की तू लहान होतीस, स्वतःला दोष देऊ नको. मी देतच नाही. मी विचारून, पक्कं करून मग सांगितलं होतं. दोष कोणाचा आहे ते मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्याचे मी वाटे करणार नाही.

मी लुगडं सोडलं. बबलीच्या समोर बसले, म्हटलं, 'आली बबली. मी आली.' ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत होती आणि म्हणत होती, 'रविवारी संध्याकाळी नंदा येते. रविवारी संध्याकाळी नंदा येते.' मी समोर होते आणि ती माझी वाट पाहत होती. आईने तिला उचलून घेतलं, एवढी मोठी मुलगी, आणि ती तसंच म्हणत राहिली.

घरी आणल्यावर आईने काय केलं ते फार थोड्यांना माहीत आहे. तिने कांड्या भरणं बंद केलं. भांडली नाही, जेवण टाकलं नाही, वेळेवर स्वयंपाक केला, वाढलं, भांडी घासली, आणि रहाट भिंतीला टेकवून ठेवला. भरलेल्या कांड्या संपल्या तसा बाबांचा माग थांबला. बबली येऊन त्यांच्या समोर उभी राहिली. माग सुरू होईना, ती हलेना. बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, 'शहापूरले जा. पोरी तीन हायेत म्हणून सांगून या.' बाबा दोन दिवस नुसते खड्ड्यात बसून राहिले, मग सदरा घालून गेले.

परत आले ते मोकळे होऊन आले. जेवायला बसले, वडे मागितले आणि सांगू लागले की आपण उगाच घाबरलो, मुलाचे वडील फार भले आहेत. ते म्हणाले, आमाले माहीतच होतं. भंडाऱ्यात कोणाले माहीत नाही, शहापूरपर्यंत माहीत हाये. तुमी झाकलं, ते आमाले आवडलं, समजदार लोक हायेत म्हटलं. लग्नाच्या दिवशी बी असंच ठेवा म्हणजे झालं. बाबा हे आनंदाने सांगत होते. कोंबडं झाकून ठेवलं होतं आणि दोन्ही गावांना केव्हाचं उजाडलेलं होतं. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना ठाऊक, लपवणाऱ्यांना ठाऊक की त्यांना ठाऊक असेल, आणि या सभ्यपणासाठी माझी बहीण तळ्यात गेली होती. आईने बाबांच्या ताटात वडा वाढला आणि म्हणाली, 'बबली मांडवातच बसन. माह्या मांडीवर.'

ताईचं लग्न झालं. बबली मांडवात बसली, बँड वाजला तेव्हा ओरडली, लोकांनी पाहिलं, आणि तरीही लग्न लागलं आणि ताईचा संसार नीट झाला. ते मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्या बँडसाठी मी तिला तयार करू शकले नाही. कोंढ्याहून आल्यावर दोन-चार दिवसांनी, लोडशेडिंगची वेळ जवळ आली म्हणून मी नेहमीसारखी सुरुवात केली होती, 'बबलीच्या घरची लाईट जाते,' आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. मारला नाही, ठेवला, आणि दाबून धरला. मी हात काढून पुन्हा बोलले, तिने पुन्हा ठेवला. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, तेच. बाकीचं सगळं ती माझ्याकडून घ्यायची, दहीभात, आंघोळ, वेणी. गोष्ट नाही. आज ती माझ्याकडे असते. रिक्षा दारात उभी राहीपर्यंत मी कुठे जायचं ते तिला सांगत नाही. रिक्षा दिसली की ती चपला घालते, आणि जिथे नेऊ तिथे प्रत्येक वेळी नव्याने घाबरते. तेवढा एक दरवाजा मी तिला करून दिला होता आणि तो देवमाणसाने एका दुपारी, पाहुण्यांचा चहा व्हायच्या आत, बंद केला.

लग्नाच्या आधी मोठेबाबा एकदा आले. आई आता त्यांच्यासमोर आत जात नव्हती; बाबा शहापूरला जाऊन आल्यावर तिने रहाट पुढच्या खोलीत आणला होता, तिथेच ती कांड्या भरत राहिली. ते खाटेवर बसले, खिशातून बुंदीचा पुडा काढून माझ्या हातात दिला, आणि झालं गेलं विसरल्यासारखं म्हणाले, 'नंदे, एक गोष्ट जमव. लग्नाच्या दिवशी बबली आमच्या घरी मागच्या खोलीत बसते, पंखा लावते, दहीभात खाते. खोटं नाही काही त्याच्यात. तू सांगतली का ते ऐकते.'

'आता नाही ऐकत.'

'काहून?'

'तिले विचारा.'

माझ्या आठवणीत मोठेबाबा बबलीशी थेट कधी बोलले नव्हते. तिच्याबद्दल बोलायचे, तिच्यावरून बोलायचे. बबली मागाच्या बाजूला बसून डोलत होती. ते उठले, गुडघ्यावर हात टेकून तिच्यासमोर उकिडवे बसले, आणि ज्या आवाजाने त्यांनी अर्ध्या भंडाऱ्याची भांडणं मिटवली होती त्या आवाजात म्हणाले, 'बबली बेटा, बबलीच्या घरी लगन...'

बबलीने हात लांब केला आणि त्यांच्या तोंडावर ठेवला. त्यांनी मान मागे घेतली, तिचा हात त्यांच्या तोंडाबरोबर मागे गेला. त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला, ते बोटांच्या खालीच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी धोटा फेकला आणि माग चालू ठेवला. मोठेबाबांनी शेवटी आईकडे पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ तिच्या तोंडाकडे. आईने रहाट थांबवला नाही. आमच्यापैकी कोणीही उठून तो हात काढला नाही.